माझ्या तोंडची घुट्टी

१३ जानेवारी २०२५, सोमवार

अम्मी एकदा शेजारणींना म्हणाली होती, "आमच्या मिनाजच्या तोंडात अल्लानं मध ठेवलाय." मी दुसरीत होते. कविता घडाघडा म्हणायचे, म्हणून.

आज ते आठवायचं कारण, त्या मधाच्या बरणीत पुन्हा फोड आलेत! टाळूला, डाव्या बाजूला. जीभ फिरवली की कळतात. सहा-सात असतील, मोहरीएवढे. चहा पिता येईना. पाचवीच्या वर्गाला आज फळ्यावर लिहून शिकवलं, बोलून नाही. पोरांची चंगळ.

चार महिन्यांत तिसऱ्यांदा. भाभी म्हणते, "उष्णता हाय. सब्जा भिजवून पी." सब्जा पिऊन पिऊन पोटात बाग उगवायची माझ्या.

(घरात आम्ही दखनी बोलतो, वहीत सगळे मराठीच बोलतात. शिक्षिकेची खोड.)

१५ जानेवारी

भाईनं सानियाला जळकोटहून आणली. नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी. गाडीतून उतरली ती पोटाला धरून, आणि पहिलं वाक्य — "माझी खोली कुणी बदलली?" भाची कसली, ठाणेदार!

रात्रीच्या जेवणाला सगळे एका थाळ्याभोवती. भाई म्हणाला, "हिला घुट्टी अब्बांनी दिली, तिथंच चुकलं. सासरी पण हिचंच चालतं." अब्बा मोठ्यानं हसले. अठ्ठ्याहत्तरीत अजून सगळे दात शाबूत, ते दाखवून हसतात. "ह्या बाबामियाँची घुट्टी हाय, पोलाद निघणारच!"

बाळ जन्मलं, कानात अजान झाली, की घरातलं नेक माणूस खजूर चावून मऊ करतं आणि बोटानं बाळाच्या टाळूला लावतं. त्या माणसाचा स्वभाव बाळात उतरतो, असं आमच्यात मानतात.

भाभी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "या बारीला मिनाज दील घुट्टी. शांत हाय. कुणाला उणं बोलत न्हाय."

अब्बांनी मान हलवली. म्हणजे ठरलं.

समद जाऊन सहा वर्षं झाली. आम्हाला मूल नाही. नवरा नसलेली, मूल नसलेली बाई घरातल्या शुभकार्यात कुठं उभी राहते ते मला माहीत आहे — भांड्यांपाशी. आणि हसीनाभाभीनं माझं नाव घेतलं, सगळ्यांत आधी. घास गिळताना टाळू जळत होती, तरी दोन भाकरी खाल्ल्या.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा करून धाराशिवला गेले. बाळाच्या आधी हे तोंड नीट व्हायला हवं ना! येडशीच्या अलीकडं एसटीचं टायर बसलं, पाऊण तास रस्त्यावर.

डॉ. शिवप्रिया. तोंडाच्या आजारांच्या डॉक्टर. माझ्या जुन्या विद्यार्थिनीसारखी दिसते, तिशीची. आरसा घालून बघितलं, फोडातलं काचपट्टीवर घेतलं, पुष्कळ विचारलं.

"मॅडम, हे साधं तोंड येणं नव्हे." साधं तोंड येतं ते गालाच्या, ओठाच्या आत, मऊ भागाला. हे टाळूच्या कडक भागावर, घोळक्यानं, आणि दर वेळी त्याच बाजूला. विषाणू आहे. हर्पिस. नागीण ज्यानं होते, त्याचा भाऊबंद.

"आला कुठून?"

"लहानपणी. कुणी मुका घेतला असेल, उष्टं भरवलं असेल. घरोघरी असतो हो, लाजायचं काही नाही."

"जाईल ना?"

"फोड जातील. तो जात नाही. कानापुढं नसेचं मूळ असतं, तिथं जाऊन झोपून राहतो. ताप आला, ऊन लागलं, काळजी झाली, की उठतो आणि नसेवरून खाली उतरतो."

चाळीस वर्षं माझ्यात एक भाडेकरू राहतोय आणि मला पत्ता नाही!

मग मी घुट्टीचं विचारलं. सहजच, कौतुकानं. तिनं पेन खाली ठेवलं.

"नाही. अजिबात नाही."

"फोड वाळल्यावर?"

"फोड नसतानाही कधीकधी थुंकीत उतरतो, दिसत नाही. तुमचंच काय, कुणाच्याच तोंडातलं नको. मोठ्या माणसात तो झोपतो. नव्या बाळात झोपत नाही, मॅडम. मेंदूपर्यंत जाऊ शकतो."

"झटके येतात?" मी विचारलं. का विचारलं, ते तेव्हा कळलं नाही.

"येतात. दूध तोडतं, ताप, झटके."

येताना बसमध्ये खिडकी मिळाली. बाहेर काय होतं, एक आठवत नाही.

१९ जानेवारी

कळलं.

सकाळी भाभीनं घुट्टीसाठी आणलेला खजूर दाखवला. "एक खाऊन तर बघ, कसाय." खाल्ला. टाळूला असा झोंबला की डोळ्यांत पाणी! आणि ते झोंबणं ओळखीचं निघालं. खजूर असाच झोंबला होता मला, एकदाच, नव्याण्णव सालच्या नोव्हेंबरात.

ताहेर. भाई-भाभीचा पहिला मुलगा. सानियाच्या आधीचा. मी एकोणीस वर्षांची, डी.एड.ला. परीक्षा डोक्यावर, ओठाच्या कडेला ताप फुटलेला, आतही आलेलं. अब्बा म्हणाले, "घरात शिकलेली तीच. मिनाजनं द्यावी घुट्टी." मी खजूर चावला. झोंबला. तसाच चावत राहिले. मऊ, अगदी मऊ केला — बाळाला टोचू नये म्हणून. आणि या बोटानं त्याच्या टाळूला लावला. त्यानं बोट चोखलं होतं.

नवव्या दिवशी दूध तोडलं. अकराव्या दिवशी झटके. सोलापूरला नेला. सतराव्या दिवशी भाईनं दुपट्यात गुंडाळून परत आणला. "मेंदूत ताप गेला," एवढंच सांगितलं होतं तिथं.

खजुराची बी अजून माझ्या ओट्यावर आहे. टाकवत नाही, ठेववत नाही.

२० जानेवारी

मधल्या सुट्टीत डॉ. शिवप्रियांना फोन केला. सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तपासणी झाली नव्हती. नव्या बाळाला ताप-झटके यायची कितीतरी कारणं असतात. आता कुणीच सांगू शकणार नाही, मॅडम. तुम्ही स्वतःला —"

घंटा झाली. बरं झालं.

कुणीच सांगू शकणार नाही! मग हे डोक्यात घेऊन मी करू काय? हो असतं तर रडले असते. नाही असतं तर सुटले असते.

२२ जानेवारी

गोळ्यांनी फोड सुकले. भाभी — "बघ, सब्ज्यानं गेलं का न्हाय!"

२३ जानेवारी

आज सांगून टाकलं : मी घुट्टी देणार नाही. डॉक्टर नको म्हणाली. माझ्या तोंडात आजार आहे.

"गेला की आजार," भाभी म्हणाली.

"जात नाही तो, भाभी. झोपतो."

"झोपलाय तर झोपू दे! त्याला कशाला उठवतीस?"

सानिया हसली. भाई हसला. मीच तेवढी हसले नाही. आणि तिथंच आणखी चूक केली — थाळ्यावरून उठून माझं वेगळं ताट वाढून घेतलं. सगळ्यांचे हात थांबले. एका थाळ्यात जेवणारं घर आमचं. ताट वेगळं म्हणजे मन वेगळं.

"आमचं उष्टं चालंना व्हय आता?" भाभी.

"तसं नाही. माझं तुम्हाला नको."

"पंचवीस वर्षं चाललं की!"

अब्बांनी हात धुतले. म्हणाले, "तिला द्यायची न्हाय तर जबरदस्ती नको. मी देतो. सानियाला मीच दिली, आता तिच्या लेकराला पण मीच."

झालं! मी स्वतःला बाजूला केलं आणि अब्बांना पुढं आणून ठेवलं. दर उन्हाळ्यात ज्यांच्या ओठावर ताप फुटतो, ते अब्बा. लहानपणी मला दात नव्हते तेव्हा मटणाचा घास चावून भरवणारे अब्बा. माझ्यातला भाडेकरू बहुतेक त्यांच्याच घरून आलाय.

त्यांना हे कुठल्या तोंडानं सांगू?

२७ जानेवारी

शाळा सुटल्यावर मौलवीसाहेबांकडं गेले. तरुण आहेत, नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "आपा, घुट्टी सुन्नत आहे, फर्ज नाही; दिली तर पुण्य, न दिली तर गुन्हा नाही. बाळाला धोका असेल तर सोडून द्यावी. दुआ करा. दुआ थुंकीशिवाय पोचते."

मी जवळजवळ पळत घरी आले. अब्बांना सांगितलं.

"तो?" अब्बा म्हणाले. "कालचं पोर! त्याच्या बापाला मी घुट्टी दिलीय."

३१ जानेवारी

भाईशी बोलले. आडतीवर गेले, तिथं तो जरा ऐकतो. आज ऐकलं नाही. तुरीचा हंगाम, हमालांची ओरड, मध्ये मी विषाणू समजावतेय!

"शाळेत पोरांना शिकवून भागंना, आता अब्बांना शिकवायला निघालीस?"

"भाई, एकदा डॉक्टरशी फोनवर बोल."

"पिढ्यान्‌पिढ्या देतात घुट्टी. कुठं लेकरं मरतात? एक दाखव. एक!"

उत्तर माझ्या तोंडात होतं. दातांच्या आतल्या बाजूला. मी ते गिळलं आणि चालत घरी आले. चालताना इतका राग आला — भाईचा, अब्बांचा, त्या भल्या डॉक्टरचा, 'काही सांगता येत नाही' म्हणणाऱ्या सगळ्या विज्ञानाचा! आणि या तोंडाचा, ज्याला नको तेव्हा फोड येतात आणि हवे तेव्हा शब्द येत नाहीत.

३ फेब्रुवारी

सानिया वर माझ्या खोलीत आली. जिना चढून, या दिवसांत! धापा टाकत पलंगावर बसली.

"फुफी, तुला माझं बाळ नको का?"

मी तिच्या पायांना तेल लावून दिलं. पाय फार सुजलेत.

६ फेब्रुवारी

ठरवलं होतं, भाभीला एकटीला गाठून सांगायचं. भाभीच वर आली. हातात ब्लाउज. "हुक निघालाय. लावून दे."

भाभी सुई हातात धरत नाही. पंचवीस वर्षं घरातला हरेक हुक, हरेक बटण मीच लावते. सवय झालीय, कधी मनातसुद्धा येत नाही. आज आलं.

ताहेर गेल्यावर चाळिसाव्याच्या आधी अब्बांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ग्रहणाच्या दिवशी काय केलंतं?" त्या ऑगस्टात ग्रहण होतं, भाभीला सहावा, आणि पोटुशीनं ग्रहणात सुई धरायची नसते म्हणतात. भाभी खरं बोलली. "ह्यांच्या शर्टाचं बटण लावलं." अब्बा एवढंच म्हणाले, "हां." अम्मीनं कपाळाला हात लावला. बस. त्या 'हां'वर माझी भाभी वीस वर्षांची असताना गुन्हेगार ठरली. माहेराहून आणलेली शिलाई मशीन तिनं स्वतः हमालाच्या डोक्यावर देऊन परत पाठवली. परकर-पोलकी शिवायची किती हौस होती तिला!

आज ती समोर बसली होती आणि मी सुईत दोरा ओवत होते. तीनदा चुकला.

"चष्मा बदल गं," ती म्हणाली.

"भाभी —"

"काय?"

"काही नाही. झाला."

हुक लावून दिला. ती गेली. मी किती भेकड आहे!

८ फेब्रुवारी

अब्बांना दोन दिवस कणकण. ओठावर ताप फुटलाय. खालच्या ओठाला, डावीकडं. मी म्हटलं, "अब्बा, बघा, हेच ते."

"हे? हे तर माझ्या बाबांना पण फुटायचं," म्हणाले. आणि त्यावर तूप लावलं.

९ फेब्रुवारी, रविवार

मुलगी झाली. सकाळी साडेदहाला. तीन किलो. सानिया ठीक.

आता नीट लिहायला हवं.

इथं कळंबातच, दवाखान्याची खोली. भाभीच्या मांडीवर बाळ. भाईनं कानात अजान दिली. अब्बांनी डोक्याला रुमाल बांधला, खिशातून खजूर काढला, बिस्मिल्ला म्हणून तोंडात टाकला. ओठावर तो फोड, तुपानं चकाकणारा. सिस्टर बाहेर गेलेली. मी म्हटलं, "अब्बा, नको." त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. चावत होते. मी भाईचा हात धरला. "भाई, अडव." त्यानं हात सोडवून घेतला. "आजच्या दिवशी तरी तमाशा करू नकोस."

अब्बांनी तोंडातला खजूर बोटावर घेतला. वाकले. सानिया उशीवरून बघत होती. बाळानं तोंड उघडलं होतं, जांभई दिल्यासारखं.

"ताहेर माझ्या घुट्टीनं गेला!"

मी ओरडले. हे मीच ओरडले.

"माझ्या तोंडात तेव्हा फोड होते. असेच. मी तसाच खजूर चावला. नवव्या दिवशी त्यानं दूध तोडलं. अब्बा, बोट मागं घ्या. मी पाया पडते, बोट मागं घ्या!"

अब्बांचं बोट हवेत राहिलं. किती वेळ, कुणास ठाऊक. मग त्यांनी रुमाल सोडला, बोट त्यात पुसलं, तोंडातला उरलेला खजूर त्यात काढला, घडी घातली आणि खोलीबाहेर गेले.

भाभीनं बाळाचं तोंड पदरानं झाकलं. माझ्याकडं पाठ केली.

बाळाच्या टाळूला काही लागलं नाही. एवढं झालं. एवढंच झालं.

११ फेब्रुवारी

सानिया घरी आली. खालच्या खोलीत आहे. मी वर. बाळाचं रडणं जिन्यातून ऐकू येतं. चांगलं ठणठणीत रडते.

भाई काल वर आला होता. दारातच उभा.

"डॉक्टरनं सांगितलं का तुला, की तसंच झालं म्हणून?"

"नाही. म्हणाली, सांगता येत नाही."

"मग तू कसं सांगितलंस? माझ्या मेलेल्या पोराचं नाव घेऊन?"

खरं की खोटं, मलाच ठाऊक नसलेली गोष्ट मी ओरडून सांगितली, कारण तेवढी एकच गोष्ट त्या बोटाला अडवू शकत होती.

अब्बा जेवतात, नमाजला जातात, येतात. माझ्याशी नाही, कुणाशीच बोलत नाहीत. आता सगळ्यांचीच ताटं वेगळी झालीत.

१२ फेब्रुवारी

टाळूला पुन्हा चुरचुरतंय. उठला! याला बरं कळतं.

१५ फेब्रुवारी

दुपारी भाभी आली. पलंगावर नाही, खाली सतरंजीवर बसली.

"त्या दिवशी तुझ्या ओठाचा फोड मी बघितला होता," ती म्हणाली. "खजूर चावताना तुझं तोंड वाकडं झालतं. मला वाटलं, नको म्हणावं. पण मी नवी. सासऱ्यानं ठरवलेलं. गप बसले."

मी तिच्यासमोर खाली बसले.

"सगळे सुई-सुई म्हणायचे. माझ्या मनात सुई कधी नव्हतीच, मिनाज. तुझा फोड होता. पंचवीस वर्षं तुझ्यावर शक घेतला आणि तुझ्याच हातानं हुक लावून घेतले. लई लाज वाटायची. तो शक मोडायचा म्हणून तर सानियाच्या लेकराला तुझं नाव घेतलं."

मग उठली. दारात थांबून म्हणाली, "न्हाय म्हणालीस, बरं केलंस." रडली नाही. मीही नाही.

अब्बा खाली अंगणात बसलेत. पायात चपला घातल्यात मी. ते नाही म्हणतील. सुनेपुढं आयुष्यात कधी मान खाली घातली नाही त्यांनी, आता कशी घालतील? तरी मागणार आहे :

अब्बा, त्या बटणाचा काही दोष नव्हता, एवढं भाभीला एकदा सगळ्यांसमोर तुमच्या तोंडानं सांगा.